रुपेरी पडद्यावरचा तुरुंग



चित्रपट म्हणजे करमणूक, त्यावर व्याख्यान कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु आपल्यापैकी बहुतेकांनी तुरुंग पाहिला तो पडद्यावरच. (आंदोलनात जाऊन काहींनी तो आतूनही पाहिला असेल, त्यांचा अधिकार मोठा.) म्हणजे तुरुंगाबद्दलचे आपले मत चित्रपटवाले घडवतात. तेव्हा त्यांनी काय दाखवले आणि काय दाखवायचे टाळले, हे तपासले पाहिजे.

सुरुवात आपल्या मातीतल्या चित्रपटापासून करू. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ साली आला. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तिला आधार होता प्रत्यक्ष प्रयोगाचा. औंध संस्थानात, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली होती. चित्रपटातला जेलर आदिनाथ सहा खुनी कैद्यांना घेऊन ओसाड माळावर जातो. ना बेड्या, ना भिंत. कैद्यांना बांधून ठेवतात ते त्याचे डोळे. घामाने पिकवलेली भाजी ते बाजारात स्वस्त विकतात, तेव्हा व्यापाऱ्याचे पोट दुखते आणि संकट येते ते बाहेरच्या सज्जन समाजाकडून. हे शांतारामबापूंनी फार अचूक टिपले आहे.

पण आमची एक शंका आहे. इथली सगळी आशा एका भल्या अधिकाऱ्यावर उभी आहे. शेवटी आदिनाथ मरतो, त्याचे डोळे आकाशातून पाहत राहतात. पडद्यावर हे शोभते. प्रत्यक्षात भला जेलर बदलून गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला, तर त्या सहा जणांनी कोणाकडे पाहावे?

दुसरा चित्रपट अमेरिकेतला, 'द शॉशँक रिडेम्प्शन', १९९४ सालचा. प्रदर्शित झाला तेव्हा तो फारसा चालला नव्हता, पुढे घरोघरी पाहिला गेला. आम्हा बँकवाल्यांना तो विशेष जवळचा, कारण नायक अँडी हा बँकेतला अधिकारी. न केलेल्या खुनासाठी जन्मठेप भोगणारा. एका पहारेकऱ्याला वारसाने पैसे मिळतात आणि कर कसा वाचवावा हे अँडी त्याला सांगतो. तिथून चित्र पालटते. ज्यांच्या हातात दंडुका आहे तेच आपले करविवरण भरून घ्यायला त्याच्यापुढे रांग लावतात! पुढे तुरुंगाधिकारी कैद्यांच्या मजुरीवर मिळवलेला काळा पैसा त्याच्याकडून खोट्या नावाच्या खात्यात जिरवून घेतो. मित्रहो, सत्ता ही चाबकात दिसते तशी वहीतही असते, हे खातेवह्या चाळणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

अँडी भुयार खोदून निसटतो, म्हणून लोक टाळ्या वाजवतात. आमच्या लक्षात राहिली ती त्याची पत्रे. तुरुंगाच्या वाचनालयाला पैसे द्या म्हणून तो सरकारला दर आठवड्याला एक पत्र लिहितो. सहा वर्षे. शेवटी कंटाळून ते दोनशे डॉलर आणि जुनी पुस्तके पाठवतात. तेव्हा हा गृहस्थ म्हणतो, आता आठवड्याला दोन पत्रे लिहीन. अर्ज केला आणि महिन्यात उत्तर आले नाही की आपण नाद सोडतो, म्हणून हा प्रसंग विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावा.

त्याच चित्रपटात ब्रुक्स नावाचा म्हातारा आहे. पन्नास वर्षे आत काढल्यावर त्याला सोडतात. बाहेर मोटारी धावताहेत, किराणा दुकानात पिशव्या भरताना हात दुखताहेत, ओळखीचे कोणी नाही. तो खोलीत गळफास घेतो. भिंतीची सवय झालेल्या माणसाला नुसते दार उघडून दिल्याने भागत नाही, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी दाखवले असेल.

आता आपल्या देशाकडे परत येऊ. हिंदी पडद्यावर तुरुंग पुष्कळ वेळा आला. दगड फोडणे आले, चक्की आली, हाणामारी आली. पण बराकीतला संडास कोण साफ करतो, हे आम्हाला तरी ठळकपणे कुठे दिसले नाही. 'जय भीम' हा तमिळ चित्रपट २०२१ साली आला आणि पहिल्याच प्रसंगात त्याने पडदा बाजूला केला. तुरुंगाच्या फाटकाबाहेर सुटून आलेल्या माणसांना जात विचारली जाते. वरच्या जातीचे घरी जातात. इरुळर आणि त्यांच्यासारख्यांना बाजूला उभे करून जुन्या न सुटलेल्या गुन्ह्यांसाठी पोलीस वाटून घेतात. १९९३ सालच्या तमिळनाडूतील एका खऱ्या कोठडी-मृत्यूवर हा चित्रपट आधारलेला आहे. तो खटला लढवणारे वकील के. चंद्रू पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

यातली सेंगेनी पहा. गरोदर, निरक्षर, नवरा कोठडीत मारलेला. तिला ठाण्यात ओढून नेतात आणि वरून फोन आल्यावर जीपने घरी सोडायला निघतात. ती जीपमध्ये बसत नाही. ती पायी चालते आणि पोलिसांची जीप मुकाट्याने तिच्या मागून सरकत राहते. आमच्या मते तुरुंगपटांतला सत्तेचा याहून बोलका प्रसंग दुसरा नाही. तिथे भला जेलर नाही, भुयार नाही. बाई आहे आणि तिच्या पाठीशी कायदा आहे.

कोणी म्हणेल, हा सिनेमा झाला. मग हे ऐका. आपल्या अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत साफसफाईचे काम अमुक जातींना आणि स्वयंपाक अमुक जातींना, अशा तरतुदी स्वातंत्र्यानंतरही चालत राहिल्या होत्या. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या घटनाबाह्य ठरवल्या. निकालात अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलम १७ चा आधार घेतला आहे आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले आहे. घटना अमलात येऊन तोवर चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती. रकाना छापायला एक दिवस पुरतो, पुसायला किती लागतात ते पहा.

आणखी एक आकडा. २०२२ च्या सरकारी अहवालाप्रमाणे देशातल्या दर शंभर कैद्यांपैकी सुमारे शहात्तर कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध न झालेले होते. जामिनाला पैसे नाहीत, कागद समजत नाहीत, म्हणून कित्येक आत राहतात. यांच्यावर चित्रपट निघत नाही, कारण नुसत्या तारखा पडण्यात नाट्य नसते.

कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या मुला-मुलींना म्हणून एवढेच सांगतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाला, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या ठिकाणी प्राधिकरणाचे कार्यालय असते. अर्ज साध्या कागदावर, मराठीत लिहिला तरी चालतो. आपल्या वस्तीत कोणाचा मुलगा आत असेल, तर तो अर्ज त्याच्या आईला तुम्ही लिहून द्या.

जयभीम.