गळकी शॉवर स्क्रीन: आधी गळती शोधा, मग सिलिकॉन उचला

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. कोडिंग नाही, इंटरव्ह्यू नाही, व्हिसा पण नाही. आज बोलायचंय गळक्या शॉवर स्क्रीनबद्दल. पण जे मास्टर्सला किंवा ऑनसाइट इंग्लंडला गेलेत किंवा जाणार आहेत, त्यांनी नीट ऐका. कारण यात तुमचं डिपॉझिट अडकलेलं असतं, आणि कधी कधी खालच्या मजल्यावरच्या माणसाचं छतसुद्धा.

आधी सेटअप समजून घेऊ. आपल्याकडे बाथरूम ही ओली होणारीच खोली. फरशीला उतार असतो, कोपऱ्यात जाळी असते, बादली उपडी झाली तरी पाणी निघून जातं. इंग्लंडच्या जुन्या घरांत बाथरूमची जमीन कोरडीच राहणार असं धरलेलं असतं. जमिनीला जाळी नाही, उतार नाही. वरच्या मजल्याची जमीन बहुतेक वेळा लाकडी फळ्यांची आणि तिच्याखाली प्लास्टरबोर्डचं छत. अशा घरात आधी बाथटब होता, मग त्याच्यावर शॉवर आला, आणि पाणी बाहेर उडू नये म्हणून टबच्या काठावर काच उभी केली. हीच ती शॉवर स्क्रीन. म्हणजे पाणी अडवायला काय आहे? एक काच, तिच्या तळाची रबरी पट्टी आणि सिलिकॉनची एक रेघ. बस.

मी ज्या शेअरिंगच्या घरात राहायचो, तिथे खालच्या खोलीच्या छतावर चहा सांडल्यासारखा पिवळा डाग दिसायला लागला. आम्ही चौघं. एक जण म्हणाला, "अरे, सिलिकॉनची ट्यूब आणू, सगळीकडे मारून टाकू." दुसरा म्हणाला, "थांब रे, गळतंय कुठून ते तरी बघ." आजचा एपिसोड या दुसऱ्याच्या बाजूने आहे.

कारण पाणी जिथे दिसतं तिथूनच ते आलेलं असतं असं नाही. ते काठावरून सरकतं, टबच्या मागे उतरतं, फळीवरून वाहतं आणि भलतीकडेच टपकतं. आपण बग कसा शोधतो? एका वेळी एकच गोष्ट बदलतो. इथेही तेच करायचं. सगळं कोरडं पुसा. टबच्या बाहेरच्या काठावर आणि खाली जमिनीवर टॉयलेट पेपरच्या पट्ट्या अंथरा. पेपर ओला झाला की लगेच कळतं.

पहिली टेस्ट. शॉवर बंद. टबमध्ये थोडं पाणी भरा आणि सोडून द्या. एवढ्यावरच खाली पाणी आलं, तर दोष निचऱ्याच्या पाइपचा आहे. स्क्रीनला हात लावू नका, प्लंबर लागेल.

दुसरी. मगाने पाणी घ्या आणि काचेच्या आतल्या बाजूने, तळाच्या पट्टीवर हळू ओता. बाहेरचा पेपर भिजला, तर पट्टी गेली.

तिसरी. काच भिंतीला जिथे धरलेली असते, त्या उभ्या अॅल्युमिनियमच्या पट्टीवर वरून पाणी सोडा.

चौथी. टब आणि टाइल यांच्यामधल्या सांध्यावर पाणी सोडा. हे करताना एकाने टबमध्ये उभं राहायचं, कारण वजनाने टब किंचित खाली बसतो आणि एरवी न दिसणारी फट उघडते.

प्रत्येक टेस्टनंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसा, पेपर बदला. चारही पास झाल्या आणि तरी जमीन ओली होत असेल, तर बहुतेक वेळा पाणी काचेच्या उघड्या टोकाकडून उडत असतं. शॉवरचं तोंड भिंतीकडे वळवा, प्रश्न तिथेच संपू शकतो.

आता दुरुस्ती. तळाची पट्टी गेली असेल, तर काम सगळ्यात सोपं. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये पाणी जड आहे, क्षार साचून रबर कडक होतं. जुनी पट्टी ओढून काढा. काचेची जाडी मोजा, कारण चार, पाच, सहा, आठ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या जाडीच्या काचा असतात. काच आणि टब यांच्यातली फटही मोजा. जुन्या पट्टीचा तुकडा सोबत घेऊन दुकानात गेलात तर उत्तम. नवी पट्टी काचेच्या खालच्या कडेवर दाबून बसते. तिरका पंख टबच्या आतल्या बाजूला आला पाहिजे. उलटी बसवली, तर तीच पाणी बाहेर काढून देईल.

भिंतीकडच्या पट्टीतून गळत असेल, तर हे लक्षात ठेवा: सिलिकॉन फक्त बाहेरच्या बाजूने लावायचं. आतून नाही! ऐकायला उलटं वाटतं ना? त्या पट्टीत थोडं पाणी शिरणारच. ते आतल्या बाजूने उतरून टबमध्ये परत जायला हवं. आतून सिलिकॉन भरलं, तर पाण्याची परतीची वाट बंद होते आणि ते बाहेरून निघतं. आमच्या घरात नेमकं हेच निघालं. आधीच्या कुणीतरी आतून जाड थर भरून ठेवला होता. तो काढला, बाहेरून एक बारीक रेघ ओढली, गळती थांबली. "सगळीकडे मारून टाकू" केलं असतं, तर गळती वाढली असती.

टब आणि टाइलचा सांधा फुटला असेल, तर जुनं सिलिकॉन पूर्ण काढा. नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. अॅक्रिलिकच्या टबवर प्लास्टिकचीच पट्टी वापरा, ब्लेडने ओरखडे पडतात. स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या. मग टब पाण्याने भरा. हो, भरा! दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो. टब तेवढा खाली बसतो आणि फट जास्तीत जास्त उघडते. तेव्हाच सिलिकॉन भरायचं आणि ते वाळेपर्यंत पाणी तसंच ठेवायचं. रिकाम्या टबला लावलेली रेघ पुढे कोणी आत उभं राहिलं की ताणली जाते आणि सुटते. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, रेघ ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने सपाट करा आणि ओलं असतानाच टेप काढा. बुरशीरोधक, बाथरूमसाठीचंच सिलिकॉन घ्या. ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा, साधारण चोवीस तास. म्हणजे घरात चार जण असतील, तर वीकेंड ठरवून करा!

आता पैशांचं. हात लावायच्या आधी फोटो काढा आणि लँडलॉर्डला किंवा एजंटला ईमेल करा. फोनवर सांगितलेलं नंतर सिद्ध होत नाही. इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अॅक्टच्या कलम ११ प्रमाणे साधारण भाडेकरारात बाथ आणि पाण्याची जोडणी दुरुस्त ठेवणं हे लँडलॉर्डचं काम आहे. पण गळती माहीत असून कळवली नाही आणि छत खराब झालं, तर तो खर्च तुमच्याकडून मागितला जाऊ शकतो. पट्टी किंवा सिलिकॉन बदलायचं असेल, तर लेखी परवानगी घ्या. स्क्रीन भिंतीवरून उतरवणं, टाइलला भोक पाडणं, ही आपली कामं नाहीत. ती काच टफन्ड असते, कडेला जोरात टोला बसला तर एका क्षणात चुरा होतो. आणि खालच्या छतातल्या दिव्यातून पाणी येत असेल, तर टेस्ट बिस्ट काही नाही. आधी मेन स्विच बंद, मग फोन.

एवढं सगळं लक्षात नाही राहिलं तरी चालेल. काचेच्या बाहेरच्या बाजूला टॉयलेट पेपरची एक पट्टी ठेवून अंघोळ करा. ती कुठे भिजते ते बघा. ट्यूब त्यानंतर विकत घ्या.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!