छोट्या ट्रॅक्टरला थ्री पॉइंट बसवताना
(भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)

मागच्या भागात जुना छोटा ट्रॅक्टर घेताना काय बघावं ते बोललो. त्यावर सगळ्यात जास्त विचारणा एकाच गोष्टीची झाली. ‘ट्रॅक्टर घेतला, पण मागं नुसता हुक आहे. कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर लावता येईल का?’ आमच्या वाळूजच्या वर्कशॉपमध्येही मे महिना लागला की हाच प्रश्न घेऊन माणसं येतात. बैलजोडी विकलेली असते, मजूर एमआयडीसीत कामाला गेलेले असतात, आणि चार फुटी कपाशीच्या ओळीत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. मग पंधरा-वीस एचपीचं जुनं यंत्र दारात येतं.

आधी हे समजून घ्या की मागं तीन ठिकाणीच का धरायचं. हुकाला साखळी बांधून औत ओढता येतं की. येतं, पण नांगर दगडाला किंवा मुळीला अडकला की चाकं फिरायची थांबत नाहीत, आणि ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती पुढून उचलायला लागतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात फोर्डसनसारखे ट्रॅक्टर असे उलटून माणसं दगावत होती. उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं त्यावर उपाय शोधत ही जोडणी बसवली. खालचे दोन हात ओढतात आणि वरची टॉप लिंक ढकलते. नांगर अडला की त्याचा वरचा भाग पुढं झुकू बघतो, टॉप लिंक दाबली जाते, आणि तो जोर ट्रॅक्टरचं नाक खाली ठेवायला मदत करतो. त्याचा लिंकेजवाला ट्रॅक्टर १९३६ मध्ये बाजारात आला, १९३९ मध्ये फोर्डबरोबरचा ‘९एन’ आला. पुढं १९५३ मध्ये फर्ग्युसन आणि मॅसी-हॅरिस एक झाले. आपल्याकडं म्हातारी माणसं अजून ‘मॅसी’ म्हणतात, ते नाव तिथलंच.

म्हणून साखळी कधीही टॉप लिंकच्या ब्रॅकेटला बांधू नका. ओढ आसाच्या खालीच पाहिजे. ट्रॅक्टर मागं उलटायला लागला की साधारण पाऊण सेकंदात परतीची वेळ निघून जाते. क्लचवर पाय जाईपर्यंत काम झालेलं असतं.

आता मापं. इथंच पैसा वाया जातो. नेहमीच्या ट्रॅक्टरला कॅटेगरी एक असते. खालची पिन २२ मिलिमीटर, टॉप लिंकची १९, खालच्या दोन पिनांमधलं अंतर ६८३ आणि औताच्या मनोऱ्याची उंची ४६०. छोट्या ट्रॅक्टरला बऱ्याचदा कॅटेगरी शून्य असते, तिथं पिन १६ मिलिमीटरच्या आसपास आणि अंतर ५०० च्या जवळ. शेजाऱ्याचा स्वस्तात मिळालेला कल्टिव्हेटर मग बसत नाही, आणि कुणीतरी लेथवर २२ ची पिन १६ करून देतो. वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनावर जाते. २२ ची १६ केली की उरते फक्त ३८ टक्के. पिन बारीक करू नका, औताची चौकट कापून कान आतल्या बाजूला घ्या आणि छोट्या मापाच्या पिना नव्यानं लावा. मात्र औतही तेवढंच छोटं असलं पाहिजे, नाहीतर १६ च्या पिनेवर मोठ्या औताचा भार येतो.

गेल्या उन्हाळ्यात गंगापूरकडचे एक काका असाच ट्रॅक्टर घेऊन आले होते. कुणीतरी त्यांना लोअर लिंकचे कान थेट आसाच्या हाउसिंगवर वेल्ड करून दिले होते. हाउसिंग असतं बिडाचं. बीड तापवून असं साधं वेल्ड मारलं की बाजूनं तडा जातो. तिथं केसाएवढी रेघ दिसत होती आणि तेल पाझरत होतं. ट्रॅक्टर चालवायचा त्यांचा पोरगा, बारावीतला. काका म्हणाले, ‘पेरणीपुरता चालू द्या, मग बघू.’ मी कल्टिव्हेटर टांगायला नकार दिला. दुपारभर वाद झाला. शेवटी पोरानंच तेल बोटाला लावून वडिलांना दाखवलं, तेव्हा गाडी वळली.

मग आम्ही जुन्या मार्केटमधून दुसरं हाउसिंग मिळवलं, आणि १२ मिलिमीटरच्या पट्टीचे ब्रॅकेट करून ते हाउसिंगच्या आधीच असलेल्या बोल्टच्या भोकांवर कसले. वेल्ड फक्त पट्टीला पट्टी. हे काम वाळूजात सोपं पडतं, चांगल्या पोलादाचे तुकडे, लेथवाला, ड्रिलवाला सगळे चालत जाण्याएवढ्या अंतरावर मिळतात. १९८५ पासून इथं बजाजचा कारखाना आहे, त्याच्या मागं सगळं पसरलंय.

उचलायचं काम हायड्रॉलिकनं केलं. ५० मिलिमीटर बोअरचा सिलिंडर १०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबावर जवळजवळ १,९६० किलो जोर देतो. ऐकून लोक खूश होतात. पण सिलिंडर २०० मिलिमीटर सरकतो आणि औत ६०० मिलिमीटर वर जातं, म्हणजे औताच्या टोकाला जोर एक तृतीयांशच पोहोचतो. साडेसहाशे किलो धरा, त्यातून घर्षण वजा. आणि रिलीफ व्हॉल्व्ह नसेल तर पंप लावूच नका, दाब कुठं थांबणार?

लिफ्टला पेलतं म्हणजे ट्रॅक्टरला पेलतं असं नाही. समजा ट्रॅक्टर ७८० किलोचा आहे, पुढच्या चाकांवर ३१२, आणि दोन आसांमध्ये १.४ मीटर. २०० किलोचं औत मागच्या आसापासून १ मीटर मागं टांगलं की पुढचे १४३ किलो हलके होतात, उरतात १६९. स्टिअरिंग धरायला वजनाचा पाचवा भाग, म्हणजे १५६ तरी पुढं हवा. जेमतेम बसलं. तेच ३०० किलोचं औत असेल तर पुढं ९८ राहतात, आणि बांधावर चढताना चाकं हवेत. पुढच्या आसाच्या ६० सेंटिमीटर पुढं ६० किलोचं वजन लावलं तर ८६ परत येतात, तेव्हा १८४ होतात. हे गणित काकांच्या पोरानं वहीत करून घेतलं. त्यांचा कल्टिव्हेटर मोठ्या ट्रॅक्टरचा, नऊ फणांचा होता. तो आम्ही घरी पाठवला आणि पाच फणांची चौकट वेगळी बनवली.

रोटाव्हेटरचं त्यांना नाहीच म्हणालो. त्या ट्रॅक्टरला पीटीओच नव्हता. ज्यांच्याकडं आहे त्यांनी आधी ५४० आरपीएम मिळतात का ते तपासा. छोटा ट्रॅक्टर म्हणजे तीन फुटी रोटाव्हेटर, पाच फुटी नव्हे. दांड्याच्या दोन नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश गेलेल्या असाव्यात. औत वर उचललं की दांडा तिरका होतो, तेव्हा पीटीओ बंद. आणि दांड्यावरचं प्लास्टिकचं झाकण काढून फेकू नका, त्यात धोतर, ओढणी, बाही अडकायला क्षणही लागत नाही.

पहिली चाचणी रिकाम्या सपाट जागेत, औत जमिनीपासून वीतभर वर, अर्धा तास उभं ठेवून. खाली उतरलं तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. मग साइड चेन घट्ट करून एक तास, संध्याकाळी सगळे बोल्ट परत कसायचे. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीनंतरही. काकांचा पोरगा आठ दिवसांनी फोन करून म्हणाला, ‘दोन बोल्ट ढिले निघाले.’ कसले, आता तूर पेरतोय.

तुमच्या ट्रॅक्टरचं मॉडेल, पिनांची मापं आणि मागच्या बाजूचा फोटो पाठवा. पुढच्या भागात सीड ड्रिल घेऊ.