सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही

किल्ली फिरवली, सेल्फ जोरात फिरला, पण इंजिन काही उचलत नाही. लगेच बॅटरीला बोल लावू नका; सेल्फ जोमात फिरतोय म्हणजे ती बहुधा ठीक आहे. गाडी पेट्रोलची असेल तर रेडिओ बंद करा, हो, आम्हालाही! किल्ली नुसती ‘ऑन’वर आणून कान द्या. बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून २-३ सेकंद बारीक गुणगुण येते. तो पेट्रोलचा पंप. ती आलीच नाही तर आधी पंपाचा फ्यूज पाहा. आली, तर प्लग, कॉइल तपासून घ्या. डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकतंय? मग गाडीने किल्ली ओळखलेली नसेल; दुसरी लावून बघा. आणि सेल्फ सलग १० सेकंदांहून जास्त मारू नका.