दाहाची पाचवी खूण
(शिक्षक-संमेलनापुढे केलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



पायात बाभळीचा काटा मोडला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, हाताला गरम लागते आणि ठणकू लागते. खेड्यापाड्यांत हा अनुभव कोणास नवा नाही. या चार खुणा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन ग्रंथकार सेल्सस याने नोंदवून ठेवल्या. भारतात सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था वर्णिलेल्या आहेत. शरीराच्या या व्यापारास वैद्यकात दाह अथवा शोथ म्हणतात. पुढील काळातील वैद्यांनी सेल्ससच्या चार खुणांत पाचवीची भर घातली. ती म्हणजे कार्यहानी. ज्या अवयवास दाह झाला त्याचे काम बिघडणे. काटा मोडलेला पाय टेकवत नाही, ही ती पाचवी खूण होय. शिक्षकाच्या दृष्टीने पाचांतील हीच खूण सर्वांत महत्त्वाची आहे. ती कशी, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

दाह म्हणजे रोग, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती खरी नव्हे. 1882 साली मेसिना येथे मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला! परक्या वस्तूवर शरीर चालून जाते, ते असे. या संशोधनाबद्दल 1908 साली त्यास एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्याच्या शरीरातही जंतू शिरताच त्या जागेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी तेथे जमतात, जंतूंचा नाश करतात आणि काम संपले की हा सारा पसारा आवरला जातो. दाह नसता तर साध्या खरचटण्यानेही प्राणावर बेतले असते.

परंतु बांधावरचा पालापाचोळा पेटवून तो विझेपर्यंत शेतकरी जवळ उभा राहिला तर शेत स्वच्छ होते; धुमसता सोडून घरी गेला तर कडब्याची गंजी जळते. दाहाचेही तसेच आहे. तो शमला तर रक्षण करतो. महिनोन्‌महिने धुमसत राहिला तर ज्या अवयवाच्या रक्षणासाठी आला त्यासच झिजवतो. निरोगी भागाच्या जागी कठीण व्रण तयार होतात. असा जुनाट दाह बहुधा तीन कारणांनी टिकतो. एक, जंतू पुरते हटत नाहीत. दोन, धुरासारखा त्रास देणारा पदार्थ रोज पोचत राहतो, किंवा एरवी निरुपद्रवी गोष्टीनेही अवयव चटकन चिडतो. तीन, शरीर स्वतःच्याच अवयवास शत्रू समजून बसते. या तिन्ही प्रकारांची उदाहरणे प्राथमिक शाळेच्या वर्गातच सापडतात.

पहिले उदाहरण वाहत्या कानाचे. घसा आणि मधला कान यांना जोडणारी एक नळी असते. लहान मुलांत ती आखूड व बरीचशी आडवी असल्यामुळे सर्दीपडशाचे जंतू कानात सहज पोचतात. तेथे पू साचून पडद्यास भोक पडते आणि कान वाहू लागतो. पू बाहेर पडला की ठणका थांबतो. घरच्यांना वाटते, दुखणे गेले. वस्तुतः ठणका गेला, दाह गेला नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ कान वाहत राहिला तर तो जुनाट झाला असे समजावे. पडद्यापलीकडे तीन इवल्या हाडांची साखळी असते. दीर्घ दाहाने तीही झिजू शकते. मग मूल हाक मारली तरी ओ देत नाही, शुद्धलेखनात शब्द गाळते, आणि त्याच्या नावापुढे ‘लक्ष नाही’ असा शेरा पडतो. ते मूल दुर्लक्ष करीत नसते. त्यास ऐकूच येत नसते.

अशा मुलास प्रथम पुढच्या बाकावर, चांगला कान शिक्षकाकडे येईल असे बसवावे. कानात तेल किंवा पाल्याचा रस घालू नये, काडी घालू नये, कान कोरडा ठेवावा, आणि विहिरीत किंवा नदीत पोहू देऊ नये, हे पालकांना सांगावे आणि मुलास दवाखान्यात नेण्यास लावावे. कानामागे सूज, तीव्र डोकेदुखी, सारखी उलटी किंवा तोंड वाकडे होणे यांपैकी काहीही दिसले तर दाह हाडाकडे अथवा मेंदूकडे सरकल्याचा संभव असतो. त्या दिवशी विलंब करू नये.

दुसरे उदाहरण छातीचे. दम्यात श्वासनलिकांच्या अस्तरास सतत दाह असतो. धाप लागते तेव्हाच तो असतो असे नाही. मूल हसतखेळत असतानाही तो आत धुमसत राहतो. चुलीचा धूर, घरातील विडी, धूळ, थंडी यांनी तो भडकतो. रात्री खोकणारे मूल सकाळी वर्गात पेंगते आणि कवायतीत मध्येच बसकण मारते. दाह शमविण्यासाठी रोज ओढावयाचे फवाऱ्याचे औषध डॉक्टर देतात. परंतु ‘पंपाची सवय लागते’ या समजुतीने, धाप थांबताच पालक तो बंद करतात. ही सवय नव्हे. औषध कमी करणे किंवा थांबविणे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे, हे पालकसभेत सांगता येईल. दम्याच्या मुलास बळेच पळवू नये, तसेच त्यास कायमचे मैदानाबाहेरही बसवू नये. दाह काबूत असला की अशी मुले इतरांबरोबर खेळू शकतात.

तिसरे उदाहरण हृदयाचे, आणि ते सर्वांत गंभीर आहे. घसा दुखणे ही किरकोळ बाब मानली जाते, आणि बहुतेक वेळी ती तशीच असते. बरेचसे घसे विषाणूंमुळे दुखतात व आपोआप बरे होतात. परंतु स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूच्या एका जातीने घसा धरला तर काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी निराळाच प्रकार सुरू होतो. जंतूंशी लढण्यास सज्ज झालेले शरीर चुकून स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर चालून जाते. यास ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. हा मुख्यतः पाच ते पंधरा या वयात, म्हणजे नेमका शाळेच्या वयात होतो. आज गुडघा सुजतो, दोन दिवसांनी घोटा, मग कोपर. सांधे पुढे पूर्ववत होतात, आणि घरी सारे निश्चिंत होतात. परंतु हृदयाच्या झडपांना झालेली इजा मागे राहू शकते. ताप जितक्या वेळा उलटतो तितकी झडप अधिक जाड व आखडलेली होते. ती नीट उघडत नाही किंवा नीट मिटत नाही. शाळेत असताना ज्या मुलीचे नुसते गुडघे दुखले होते, तिला पुढे पहिल्या बाळंतपणाच्या वेळी धाप लागते आणि तेव्हा हृदयरोगाचा पत्ता लागतो, असेही घडते.

याच रोगात काही मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. हातपाय आपोआप झटके देतात, चेहरा वेडावाकडा होतो, मूल हळवे होते, वळणदार अक्षर काही दिवसांत बिघडते, हातातून पाटी-पेन्सिल पडते. अशा मुलास खोडकर म्हणून शिक्षा होण्याचा धोका असतो. चांगले अक्षर एकाएकी बिघडले तर छडीची नव्हे, डॉक्टरची आठवण व्हावी.

हा रोग टाळता येतो. जंतूमुळे दुखणाऱ्या घशावर पहिल्या नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तर हृदयावरचे संकट टळते. मात्र कोणत्या घशास ते द्यावे हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे, दुकानदाराने नव्हे. एकदा ताप येऊन गेलेल्या मुलास दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते, मूल ठणठणीत दिसत असले तरी. येथेच पालक कंटाळतात. ज्या वर्गात असे मूल असेल तेथील शिक्षकाने इंजेक्शनची तारीख आपल्या दैनंदिनीत लिहून ठेवावी, आदल्या दिवशी आठवण द्यावी आणि त्या दिवसाच्या गैरहजेरीबद्दल मुलास बोल लावू नये. एवढ्या लहानशा कामाने एक हृदय वाचू शकते.

आता पाचव्या खुणेकडे वळावयाचे. काट्याच्या दाहात लाली, सूज, उष्णता व वेदना डोळ्यांसमोर असतात. जुनाट दाहात या चारही खुणा बहुधा लपलेल्या असतात. उरते ती पाचवी. ऐकू न येणे, धावता न येणे, अक्षर बिघडणे हे सारे कार्यहानीचेच प्रकार होत; आणि मुलाचे कार्य रोज पाहणारा मनुष्य म्हणजे वर्गशिक्षक. म्हणून त्याने तीन प्रश्न विचारण्याचा परिपाठ ठेवावा: हे किती दिवसांपासून आहे? बरे होऊन पुन्हा पुन्हा येते काय? यामुळे मुलाचे कोणते काम पूर्वीपेक्षा बिघडले आहे? उत्तरे एका वहीत तारखेसह टिपावीत.

6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. वाहता कान, श्वासनलिकांचे विकार व ऱ्हुमॅटिक हृदयरोग या तिहींचा समावेश त्याच्या तपासणीत आहे. परंतु तपासणीचे पथक शाळेत येते ते वर्षातून एखाद्या दिवशी. त्या दिवशी नेमके ते मूल गैरहजर असू शकते, किंवा कान त्या आठवड्यात कोरडा असू शकतो. ती वही अशा वेळी पथकापुढे ठेवावी. रोगाचे नाव ठरविणे हे शिक्षकाचे काम नव्हे, औषध सुचविणे तर नव्हेच. आणि मुलाच्या दुखण्याचा उच्चार वर्गासमोर कधीही करू नये.

प्रगतिपुस्तकात ‘मंद’, ‘आळशी’, ‘लक्ष नाही’ असा शेरा लिहिण्यासाठी लेखणी उचलली असता क्षणभर थांबावे आणि त्या मुलाचा कान, श्वास व सांधे यांची विचारपूस करावी. कदाचित तो शेरा लिहिण्याची गरजच उरणार नाही.