लग्नातले सगळे पाहुणे
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



आपण इंदूरकर फोटोच्या बाबतीत तसे जुने. लाला दीनदयाळ इथल्या बांधकाम खात्यात नोकरीला होते. १८७०च्या दशकात त्यांनी इथेच कॅमेरा हाती घेतला, आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिले. निजामाने त्यांना 'राजा' केले ते पुढे. अशा गावात आपल्या लग्नाच्या अल्बमात हजार फोटो असतात आणि निम्मे पाहुणे नसतात!

रोलच्या काळात ३६ फोटोंत लग्न बसवायचे असे. म्हणून एक मोठा ग्रुप फोटो व्हायचाच: सतरंजीवर मुले, खुर्च्यांवर वडीलधारी, मागे उभी तरणी मंडळी. आता फोटोला मोजमाप नाही, तर कॅमेरा नवरानवरीवरून हटत नाही.

स्टेजवर सगळे येतात, असे आपण धरून चालतो. पाहुणे ४०० म्हटले तर कुटुंबे दीडशे. प्रत्येकी २० सेकंद धरले तरी सलग ५० मिनिटे. त्यात आहेर, नमस्कार, 'अरे, बाळ्या कुठे गेला?' मिळवा. तोवर देवास-धारची मंडळी जेवून गाडीत बसलेली असतात.

गुडघे धरलेल्या आजी त्या चार पायऱ्या चढत नाहीत. कोठीची किल्ली कमरेला असलेली मावशी जागा सोडत नाही. आणि विधवा आत्या, काकू. त्यांना 'येऊ नका' असे आता कोणी म्हणत नाही. पण 'या' असेही कोणी म्हणत नाही, आणि त्या आपणहून मागे राहतात. आमच्याकडच्या एका अल्बमात रुखवताचे पाच फोटो आहेत. ज्या आत्याने महिनाभर खपून ते केले, तिचा एकही नाही. ती गेली तेव्हा हार घालायला ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घ्यावा लागला.

पंगत होती तेव्हा सोपे होते. पानावर बसलेला माणूस कुठे जातो? बुफेत ताट घेऊन हिंडणाऱ्याला कसे गाठणार? (आणि घास तोंडात असताना फोटो काढू नये, एवढी तरी दया हवी.)

आम्हाला सुचते ते असे. मंगलाष्टकांआधी अक्षता वाटणारा प्रत्येक खुर्चीपाशी जातोच. त्याच्या मागोमाग फोटो काढणारा एक जण पाठवा. घरचा भाचा चालेल, मोबाइल चालेल. ओळीओळीने तिघाचौघांचा एकेक फोटो. कोणाला उठवायचे नाही, स्टेजवर चढवायचे नाही. मग कोठीत आणि आचाऱ्यांकडे एक चक्कर. गुरुजींचाही एक घ्या, अंतरपाटामागून अर्धा चेहरा नको.

सोबत वही घेतलेली एक भाची. डावीकडून नावे तिने तिथल्या तिथे लिहायची. नुसते 'काकू' नको; कोणाच्या काकू, माहेर कुठले, आल्या कुठून, तेही लिहायचे.