पाटीवरचे झाड

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, बॉस्टनमध्ये आणि भोवतालच्या जुन्या गावांत, तीनशे वर्षांपूर्वीच्या दफनभूमी अजून जागच्या जागी आहेत. तिथले थडग्यांचे दगड आपल्याला ओळखीचे वाटतील, कारण ते पाटीचे आहेत. शाळेत ज्यावर अक्षर गिरवले जाई, त्याच जातीचा काळा-करडा, पापुद्र्यांचा दगड. १८०० च्या सुमाराची एखादी पाटी घ्या. वर अर्धगोल कमान आणि कमानीत एक झाड. खोड एका बाजूने चढत जाते, माथ्याशी वाकते आणि तिथून फांद्या सरळ खाली सुटतात, न्हाऊन मोकळे सोडलेले केस असावेत तशा. पानांच्या जागी छिन्नीचे बारीक तिरके घाव आहेत. झाडाखाली झाकणाचा उंच कलश आणि त्याखाली नाव, वय, तारीख. हे झाड म्हणजे वीपिंग विलो. आपल्याकडे ओढ्याकाठी वाढणाऱ्या वाळुंजाचा भाऊबंद.

थडग्यांवरच्या झाडाफुलांचे अर्थ सांगणारे तक्ते छापलेले मिळतात. आयव्ही म्हणजे अमरत्व, ओक म्हणजे बळ, मोडलेली कळी म्हणजे अकाली गेलेले मूल आणि विलो म्हणजे शोक. हे तक्ते खोटे नाहीत. मोडलेली कळी मुलांच्या दगडांवर खरोखरच दिसते. पण विलोपाशी तक्ता फार लवकर थांबतो, कारण शोक कुणाचा, हे तो विचारत नाही. माझे म्हणणे असे की दगडाच्या मध्यावर आलेले हे झाड मृताविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. ते मागे राहिलेल्यांविषयी बोलते, आणि दगडाने त्यांच्याविषयी बोलावे ही तेव्हा नवी गोष्ट होती.

त्याआधीचे दगड पाहिले की हे स्पष्ट होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस प्युरिटन या कडक ख्रिस्ती पंथाच्या वस्त्यांमध्ये त्याच कमानीत पंख असलेली कवटी कोरत. ती पाहणाऱ्याला बजावत असे की तूही याच वाटेने येणार आहेस. वनस्पती तेव्हाही दगडावर होत्या, पण दोन्ही कडांच्या पट्ट्यांत: वेली, पाने, अंजिरे, भोपळ्यासारखी फळे. मध्ये मरण आणि काठावर हिरवळ, अशी ती मांडणी. पुढे कवटीच्या जागी पंखांचा गोल चेहरा आला आणि अठराव्या शतकाच्या शेवटाला विलो व कलश. जेम्स डीट्झ आणि एडविन डेथलेफसेन या अभ्यासकांनी १९६० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधले दगड तारीखवार मोजून हा क्रम मांडला. त्यांनी शब्दांकडेही लक्ष वेधले. जुन्या दगडांवर ‘इथे अमक्याचा देह आहे’ अशी सुरुवात असे. विलोच्या दगडांवर ‘अमक्याच्या स्मृतीस’ असे येऊ लागले. देहाची जागा आठवणीने घेतली, आणि आठवण तर जिवंत माणसाची असते. कलशही हेच सांगतो. हा समाज दहन करत नव्हता. देह पुरायचा आणि वर रक्षेचा कलश कोरायचा. आपल्याकडे अस्थिकलशात अस्थी असतात. इथला कलश मात्र रिकामाच, निव्वळ आठवणीचा.

यावर पहिला आक्षेप असा की ही सगळी फॅशन होती. त्यात तथ्य आहे. इटलीतल्या गाडल्या गेलेल्या प्राचीन रोमन नगरांपैकी हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ मध्ये आणि पॉम्पेईचे १७४८ मध्ये सुरू झाले, आणि प्राचीन कलशांची आवड सर्वत्र पसरली. डिसेंबर १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन वारल्यावर विलोखाली कलश आणि शेजारी ओणवलेली स्त्री अशी चित्रे घरोघर गेली, मुलींनी ती रेशमात भरली. कारागीरही एकमेकांचे नमुने उचलत, त्यामुळे धर्ममत बदलले तशी चित्रे बदलली, हा डीट्झ यांचा सरळ हिशेब पुढच्या अभ्यासकांना पुरता पटला नाही. मलाही तो जरा जास्तच नीटनेटका वाटतो. पण फॅशन म्हटल्याने प्रश्न मिटत नाही. कवटी पिढ्यान् पिढ्या चालली ती लोकांना पटत होती म्हणून. आपल्या माणसाच्या डोक्याशी काय कोरायचे, याला घरच्यांची संमती लागतेच. शिवाय त्या चित्रांत स्त्री झाडाखाली रडते आहे, कलशातून कुणी उठत नाही. दगडावर तिला कोरण्याइतकी जागा नव्हती, म्हणून ओणवे झाड तिच्या वतीने उभे राहिले, असे मी समजतो.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे. बायबलच्या १३७ व्या स्तोत्रात बॅबिलोनच्या नद्यांकाठी हद्दपार लोक रडतात आणि आपल्या वीणा विलोच्या झाडांवर टांगतात. मग हे धर्माचेच चिन्ह नव्हे का? वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनिअसनेही त्या आधारावर झाडाला सॅलिक्स बॅबिलोनिका असे नाव दिले. पण हे झाड मूळचे चीनचे. बॅबिलोनच्या युफ्रेटिस नदीकाठचे झाड बहुधा पॉप्लरच्या जातीचे होते. म्हणजे स्तोत्रातल्या झाडाची ओळखच चुकलेली. तरीही ती चूक सर्वांनी मान्य केली, कारण रडणाऱ्यांना झाड हवे होते आणि लोंबत्या फांद्यांचे हे झाड तसे दिसत होते.

१८३१ मध्ये बॉस्टनजवळ, केंब्रिजमध्ये, माउंट ऑबर्न दफनभूमी सुरू झाली. ती मॅसॅच्युसेट्सच्या उद्यानविद्या संस्थेने उभारली, आणि तिथे झाडे जमिनीतच लावली. पुढे पाटी मागे पडून पांढरा संगमरवर आला. पावसाने तो झिजतो. पाटीवरचा विलो मात्र अजून पानापानाने दिसतो.

तुमच्यापैकी कुणी मुलाबाळांकडे बॉस्टनला जाणार असेल, तर ट्रीमाँट रस्त्यावरच्या १६६० च्या ग्रॅनरी दफनभूमीत जरूर जा. आधी तारीख वाचा, शेजारचे दोन दगड पाहा, मग झाडाकडे या. कागद लावून छाप मात्र घेऊ नका; पाटीचे पापुद्रे तेवढ्यानेही सुटतात.