घेणारा कोण, देणारा कोण

आज दोनच इंग्रजी क्रियापदं.
बॉरो… आणि लेंड.

पऱ्हाटीत डवरणी सुरू आहे.
शेजाऱ्याकडून आपण डवरा आणला.
आपण म्हणतो, उसना घेतला.
शेजारी म्हणतो, उसना दिला.
‘उसना’ हा शब्द तोच राहतो.
घेणं की देणं, ते पुढचं क्रियापद सांगतं.

इंग्रजीत मात्र पूर्ण शब्दच बदलतो.
घेणारा बॉरो करतो.
देणारा लेंड करतो.
पुन्हा ऐका.
घेणारा… बॉरो. देणारा… लेंड.

वर्गात पेन हवा आहे.
‘मी घेऊ का?’ असं विचारायचं, तर म्हणा,
कॅन आय बॉरो युवर पेन?
‘तू देतोस का?’ असं विचारायचं, तर म्हणा,
कॅन यू लेंड मी युवर पेन?

इथं जर्मन मुलंही अडखळतात बरं का.
त्यांच्याकडे ‘लाइएन’ हा शब्द दोन्हींसाठी चालतो.
उसनं घेतलं तरी तोच, दिलं तरी तोच.
आपली मराठी घेणं-देणं स्पष्ट वेगळं ठेवते.
मला वाटतं, आपल्याला हे सोपं जायला हवं.

लर्न आणि टीच यांचंही असंच.
लर्न म्हणजे शिकणं. टीच म्हणजे शिकवणं.
मराठीत एक ‘व’ वाढला, इंग्रजीत शब्दच बदलला.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे.
शब्द मुलांच्या कानावर असतात.
बोलायच्या आधी एवढंच विचारा,
मी घेतोय… की देतोय?

आज घरी कुणी काही उसनं मागितलं,
तर तेच वाक्य इंग्रजीत म्हणून बघा.
आधी घेणाऱ्याच्या तोंडून.
मग देणाऱ्याच्या.